सेव्हिया : व्यापाऱ्यांच्या शहरात तीन दिवस

युरोपच्या सहलींच्या जाहिरातींत स्पेनचा भाग बहुधा एकाच साच्याचा असतो. आठ-नऊ दिवस, पाच शहरे आणि रोज बॅग भरणे. त्यात सेव्हियाच्या वाट्याला जेमतेम एक दुपार येते. बस थांबते, कॅथेड्रलसमोर छायाचित्रे निघतात आणि संध्याकाळी ग्रानादाचा रस्ता धरला जातो. ज्या घरात दोन-तीन पिढ्या दुकान, आढत किंवा पेढी चालली आहे, त्या घराने मात्र स्पेनमधील एकच जुने शहर निवांत पाहायचे ठरवले, तर ते सेव्हिया असावे आणि त्यासाठी तीन पूर्ण दिवस ठेवावेत. इंग्रजी नकाशांवर याच शहराचे नाव सेव्हिल असे आढळते.

कारण साधे आहे. 1503 ते 1717 या दोन शतकांहून अधिक काळात स्पेन आणि अमेरिका यांच्यातील अधिकृत व्यापाराचे दप्तर या एका शहरात होते. त्या व्यापाराची वास्तू, त्याचे कागद, त्याची नदी आणि त्याचा पश्चात्ताप हे सारे आजही एकमेकांपासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात उभे आहे.

प्रथम काळ ठरवावा. जुलै-ऑगस्टमध्ये येथे पारा 40 अंशांच्या वर जातो, त्यामुळे शाळेच्या सुट्टीत जायचे असल्यास एप्रिल-मे गाठावा. ईस्टरपूर्वीचा पवित्र आठवडा आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी भरणारी जत्रा या दोन्ही वेळी शहर देखणे असते, पण निवासाचे दर भलतेच चढतात. ऑक्टोबरही हवेच्या दृष्टीने उत्तम. मात्र चौविहार पाळणाऱ्यांनी एक हिशेब आधीच करावा. स्पेनमध्ये रात्रीच्या जेवणासाठी भटारखाने साडेआठच्या सुमारास उघडतात. मे महिन्यात सेव्हियाचा सूर्यास्त नऊनंतर होतो आणि जूनच्या उत्तरार्धात तर पावणेदहाच्या सुमारास. ऑक्टोबरच्या मध्यावर तो पावणेआठच्या सुमारासच होतो आणि महिन्याच्या अखेरीस घड्याळे तासभर मागे गेली की त्याहूनही लवकर. म्हणजे ऑक्टोबरात उपाहारगृह उघडण्यापूर्वीच जेवणाची वेळ टळलेली असेल. म्हणून शरद ऋतूत जाणाऱ्यांनी हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर वसंतातही हाच मार्ग बरा.

व्हिसा शेंगेन पद्धतीचा लागतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रत्यक्षात दोन महिने हातात ठेवावेत. किमान 30,000 युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण बंधनकारक आहे. खात्याचे उतारे द्यावे लागतात, तेव्हा अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक मोठी रक्कम भरण्याचा मोह टाळावा. तपासणाऱ्याची नजर शिलकेइतकीच तिच्या सातत्यावर असते. मुंबईहून सेव्हियाला थेट विमान नाही. माद्रिदला उतरून आतोचा स्थानकातून वेगवान रेल्वे घेतल्यास अडीच तासांच्या आसपास सेव्हियाचे सांता हुस्ता स्थानक येते. ही देशातील पहिली अतिवेगवान मार्गिका. ती 1992 च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झाली.

पहिली सकाळ आल्काझार या राजवाड्यासाठी ठेवावी. प्रवेशाची वेळ ठरवून तिकीट आधीच काढावे आणि पारपत्र बरोबर ठेवावे. ऐनवेळी तिकीट मिळेल या भरवशावर राहू नये. 1248 मध्ये कास्तियाच्या राजाने हे शहर मुस्लिम सत्तेकडून जिंकले. पण शतकानंतर, 1360 च्या दशकात, पेद्रो राजाने येथे जो महाल उभारला तो मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतलाच आहे. गिलाव्यावरील जाळीदार नक्षी आणि रंगीत फरशा पाहण्यात तास सहज जातो. तरी व्यापारी कुटुंबाने खरा वेळ द्यावा तो त्याच आवारातील, तुलनेने साध्या दिसणाऱ्या एका दालनाला. 1503 मध्ये स्थापन झालेल्या ‘कासा दे कोन्त्रातासियोन’ या व्यापार कचेरीचा कारभार येथून चाले. अमेरिकेला जाणारे प्रत्येक जहाज, त्यावरचा माल आणि माणसे यांची नोंद ही कचेरी ठेवी, नकाशे सुधारी आणि सुकाणूदारांची परीक्षा घेई. तिचा पहिला मुख्य सुकाणूदार, 1508 पासून, अमेरिगो वेस्पुची हा होता. अमेरिका हे नाव त्याच्यावरूनच पडले. भिंतीवर सोळाव्या शतकातील एक चित्र आहे. त्यात मातृदेवतेच्या पसरलेल्या पदराखाली खलाशी, दरबारी आणि मूळ अमेरिकन माणसेही दाखवली आहेत. त्या पदराखाली घेतलेल्यांचे पुढे काय झाले, याचा उलगडा दुपारी होतो.

दुपारी समोरच्या चौकातील ‘आर्चिवो दे इंदियास’ या दप्तरखान्यात जावे. प्रवेश विनामूल्य आहे. सोमवारी तो बंद असतो, हे दिवस ठरवतानाच ध्यानात घ्यावे. या इमारतीचा जन्मच मजेशीर आहे. सोळाव्या शतकात सौदे कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर होत आणि ऊन किंवा पाऊस आला की दलाल, गुमास्ते, प्रसंगी मालवाहू जनावरेही थेट प्रार्थनास्थळात शिरत. धर्माधिकाऱ्यांनी राजाकडे तक्रार केली आणि व्यापाऱ्यांच्या महाजनाला स्वतःची इमारत बांधणे भाग पडले. हुआन दे एरेरा या राजशिल्पकाराच्या आराखड्यानुसार 1584 मध्ये काम सुरू झाले आणि ‘लोन्खा’ म्हणजे व्यापाऱ्यांचा बाजारवाडा उभा राहिला. कॅथेड्रलभोवती दगडी खांब आणि त्यांना जोडणाऱ्या लोखंडी साखळ्या आजही आहेत. बाजाराची हद्द तेथे संपे. मुलांना त्या साखळ्या अवश्य दाखवाव्यात.

1785 मध्ये तिसऱ्या कार्लोस राजाने अमेरिकेविषयीचे सारे कागद येथे एकत्र आणण्याचा निर्णय घेतला. आज सुमारे 43,000 गठ्ठ्यांत आठ कोटींच्या आसपास पाने आहेत. कॅथेड्रल, आल्काझार आणि हा दप्तरखाना या तिघांना मिळून 1987 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या कागदांत जी चांदी नोंदली आहे, तिची कथा समजून घेतल्याखेरीज सेव्हिया कळत नाही. 1545 मध्ये आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथे चांदीचा डोंगर सापडला. तेथील खाणी स्थानिक लोकांच्या सक्तीच्या मजुरीवर चालल्या आणि त्यात असंख्य माणसे संपली. ती चांदी मेक्सिकोच्या चांदीसह लष्करी संरक्षणात, ताफ्यांनी सेव्हियाला येई. राजाचा वाटा पाचवा हिस्सा. संरक्षणाचा खर्च मालावरील वेगळ्या आकारणीतून निघे. नोंद चुकवून आणलेला मालही कमी नव्हता, कारण जेथे कर आहे तेथे वाटाही आहेत.

इतकी चांदी येऊनही तिजोरी रिकामीच राहिली. राजाचे युद्धखर्च येणाऱ्या चांदीच्या पुढे धावत. जिनोवाचे सावकार ताफा पोचण्यापूर्वीच त्यावर कर्ज देऊन बसलेले असत. 1557, 1575 आणि 1596 अशी तीनदा राजसत्तेने देणी थांबवली. कधी कधी तर बंदरात उतरलेली खासगी व्यापाऱ्यांची चांदी राजा ताब्यात घेई आणि बदल्यात वार्षिक व्याजाचे रोखे हाती ठेवी. सरकारी रोख्यांना निर्धोक मानणाऱ्या आजच्या गुंतवणूकदाराने सेव्हियाच्या त्या व्यापाऱ्याचा चेहरा क्षणभर डोळ्यांसमोर आणून पाहावा. दरम्यान सोळाव्या शतकात आंदालुसियातील किमती तिपटीहून अधिक वाढल्या. तोमास दे मेर्कादो नावाच्या धर्मगुरूने सेव्हियातील सौदे जवळून पाहून 1569 मध्ये व्यापारनीतीवर ग्रंथ लिहिला. जेथे पैसा मुबलक तेथे त्याचे मोल कमी, हे त्याने विनिमयाच्या दरांतून दाखवले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकात भेटणारा सिद्धांत येथे रस्त्यावर जन्मला आहे.

आणि ती चांदी गेली कोठे? तिचा एक प्रवाह व्यापाराच्या वाटेने पूर्वेकडे वळला. इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे सुरतेला ‘आठ रियाल’ची स्पॅनिश नाणी आणत आणि टाकसाळीत ती वितळून मोगल रुपये पाडले जात. याच कंपनीला सुरतेचे वीरजी व्होरा कर्जाऊ रकमा देत. सेव्हियाच्या चौकात उभ्या असलेल्या जैन कुटुंबासाठी हा धागा दूरचा नाही, आणि पोतोसीच्या खाणीपर्यंत तो मागे जातो हेही विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेड्रल. जुन्या मशिदीच्या जागी पंधराव्या शतकात बांधलेले हे गॉथिक शैलीतील जगातले सर्वांत मोठे कॅथेड्रल. मशिदीचा मनोरा मात्र राखला आणि त्यावर घंटाघर चढवले, तोच हिराल्दा. आत पायऱ्यांऐवजी पस्तीस उतरणी आहेत, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही निदान निम्मे चढून परतता येते. रविवारी सकाळ प्रार्थनेसाठी राखीव असते. आवारातील संत्री तोडून खाण्याचा मोह कोणी करू नये. ती कडू जातीची आहेत.

तेथून नदीच्या दिशेने काही मिनिटे चालले की ‘ओस्पिताल दे ला कारिदाद’ लागते. सामूहिक सहलींच्या यादीत ते क्वचितच असते, आणि ही चूक मोठी आहे. मिगेल मान्यारा हा धनाढ्य व्यापाऱ्याचा मुलगा. 1661 मध्ये पत्नी वारली, त्यानंतर त्याने ऐश्वर्याकडे पाठ फिरवली आणि बेवारस प्रेतांना अग्रक्रमाने मूठमाती देणाऱ्या, निराधारांची शुश्रूषा करणाऱ्या या संस्थेला वाहून घेतले. 1649 च्या साथीत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती दगावली होती. त्या आठवणी तेव्हा ओल्या होत्या. प्रार्थनामंदिराच्या दारातून आत जाताच दोन्ही बाजूंना वाल्देस लेयालची दोन चित्रे दिसतात. एकात मृत्यू मेणबत्ती विझवतो आहे आणि पायाशी मुकुट, ग्रंथ, शस्त्रे पडली आहेत. दुसऱ्यात खाली उघड्या शवपेट्या आहेत आणि वरून आलेला एक हात तराजू धरून आहे. एका पारड्यात वासना-विकारांची प्रतीके, दुसऱ्यात भक्ती व तपाची. एका पारड्यावर ‘याहून अधिक नाही’ तर दुसऱ्यावर ‘याहून कमी नाही’ अशा अर्थाचे शब्द आहेत. आयुष्यभर तराजू हाताळलेल्या माणसाला या चित्रापुढून लवकर निघता येणार नाही. चित्र लहान मुलांना भीतिदायक वाटू शकते, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी अंगणात थांबले तरी चालेल. मान्यारा स्वतःला सर्वांच्या पायांखाली, दाराशीच पुरावे असे सांगून गेला. संस्था आजही वृद्धांची सेवा करते.

पुढे नदीकाठी बाराकोनी ‘सोन्याचा मनोरा’ आहे, 1220-21 मध्ये बांधलेला. ग्वादालकिवीर या नदीचे नाव अरबीतून आलेले, अर्थ ‘मोठी नदी’. पण समुद्रापासून इतक्या आत असलेल्या या बंदराला गाळाने घेरले, जहाजे मोठी होत गेली आणि 1717 मध्ये व्यापार कचेरी किनाऱ्यावरच्या कादिसला हलली.

तिसरा दिवस मोकळा ठेवावा. सकाळी पूल ओलांडून त्रियाना मंडईत फळे-भाज्या घ्याव्यात. मंडईखाली धर्मचौकशी न्यायालयाच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. दुपारी दुकाने बंद असतात, तेव्हा 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेल्या प्लासा दे एस्पान्याच्या सावलीत बसावे. कोर्दोबा रेल्वेने पाऊण तासावर आहे हे खरे, पण ते पुढच्या खेपेसाठी.

जेवणाबाबत सावधगिरी हवी. ‘शाकाहारी’ म्हटल्यावरही मासा वा डुकराच्या मांसाचे तुकडे ताटात येऊ शकतात. गास्पाचो या गार टोमॅटो सारात आणि पालक-छोल्यांच्या स्थानिक भाजीतही लसूण असतो. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन ह्वेवो, सिन सेबोया, सिन आहो’, म्हणजे मांस, मासा, अंडे, कांदा, लसूण यांविना, हे शब्द कागदावर लिहून दाखवावेत. ऑलिव्ह तेल लावलेला पाव, बदाम, संत्री, तांदूळ, काबुली चणे सर्वत्र मिळतात. सदनिकेत खिचडी शिजत असेल तर बाहेरची चिंता निम्मी होते.

पैशाचे दोनच मुद्दे. कार्ड यंत्र ‘रुपयांत घ्यावे की युरोत’ असे विचारते, तेव्हा नेहमी युरो निवडावे. रुपयांचा दर यंत्रामागची संस्था ठरवते आणि तो बहुधा महाग असतो. खरेदीच्या वेळी पारपत्र दाखवून करपरताव्याचा कागद मागावा. स्पेनमधील बहुतेक वस्तूंवर 21 टक्के मूल्यवर्धित कर असतो आणि युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांसाठी परताव्याची किमान खरेदी-मर्यादा 2018 पासून उरलेली नाही. युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावरील यंत्रावर हे कागद बॅग सुपूर्द करण्यापूर्वी नोंदवावे लागतात, कारण वस्तू पाहण्यास मागितली जाऊ शकते.