रामचरणचं पात्रचित्रण कोणीच का लिहीत नाही?

दर रविवारी सकाळी आमच्या सदरच्या घरी तीन-चार पोरं येतात. यूपीएससीला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेतलेली. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालो. फी-बी काही घेत नाही. पोरं येताना तर्री-पोहे बांधून आणतात, बायको चहा टाकते, आणि आम्ही एकेक पुस्तक घेऊन बसतो. दुसऱ्या पेपरात उद्धव शेळक्यांचं ‘शिळान’ आहे, बाबूराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आहे. गेल्या रविवारी बागुलांची पाळी होती.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा कथासंग्रह १९६३ चा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीवर रुजू व्हायला गुजरातेत उधन्याला जातो. नोकरी आहे, पण राहायला खोली पाहिजे. खोलीआधी प्रश्न येतो, जात कोणती? तो जात लपवतो. लोक त्याला मान देतात. त्याच कारखान्यात काशिनाथ सकपाळ आहे. तो जात लपवत नाही, अपमान झाला की उसळून अंगावर जातो. शेवटी आपल्या नायकाची जात उघडी पडते आणि कालपर्यंत मान देणारी माणसंच त्याला बडवतात. रामचरण त्यांच्यातलाच एक. काशिनाथ येऊन सोडवतो.

एका पोराने उत्तर लिहून आणलं होतं. अक्षर सुंदर. ‘नायकाची स्वभाववैशिष्ट्ये : १) संवेदनशील, २) सहनशील, ३) विचारी, ४) भित्रा. याउलट काशिनाथ : १) स्वाभिमानी, २) विद्रोही, ३) तापट. कथेचे आशयसूत्र : जातिव्यवस्थेचा निषेध.’

मी विचारलं, हे भित्रा कुठून आणलं? म्हणाला, नोट्समध्ये आहे सर.

आता खरं सांगतो, असल्या नोट्स मी स्वतः कित्येक वर्षं वर्गात सांगितल्या. पोरांना खाली मान घालून लिहायला लावलं. पात्र आलं की चार विशेषणं, कथा आली की एक आशयसूत्र, भाषाशैलीला दोन ओळी. बारावीच्या पेपरातसुद्धा ‘कथा’ हा साहित्यप्रकार आहे, दहा मार्कांचा, आणि तिथेही पोरं हेच करतात. बाजारात भाजी निवडावी तसं आम्ही माणूस निवडतो. प्रेमळ इकडे, कष्टाळू तिकडे. तपासणाऱ्याला सोपं जातं, मार्क पडतात. कथा मात्र जागेवरून हलत नाही.

म्हणून त्या दिवशी फक्त शीर्षक घेतलं. ‘चोरली’ म्हणजे काय? पोरं म्हणाली, चोरी केली, दुसऱ्याची जात घेतली. पण तो दुसऱ्या कुठल्या जातीचं नाव सांगून राहिला आहे का? मराठीत आपण अंग चोरतो. गर्दीच्या बसमध्ये अंग चोरून बसतो, म्हणजे आपलंच शरीर आवळून घेतो, कोणाला लागू नये म्हणून. इथे माणूस जात तशी आवळून बसला आहे. आता ‘भित्रा’ हा शब्द त्याच्यासमोर ठेवून पाहा. बसमध्ये अंग चोरून बसलेल्या बाईला आपण भित्री म्हणतो का? आपण आधी शेजारी कोण बसलं आहे ते पाहतो.

मग मी म्हटलं, या कथेत प्रश्न विचारणारी माणसं आहेत. खोली देताना विचारणारे, कामावर विचारणारे, आणि शेवटी हात उचलणारा रामचरण. त्यांचं पात्रचित्रण कुठे आहे तुमच्या नोट्समध्ये? एका ओळीत होतं, ‘कर्मठ मानसिकतेचे प्रतिनिधी’. झालं! मार खाणाऱ्याच्या स्वभावावर दीड पान आणि मारणाऱ्याला एक ओळ. कथेत मात्र काशिनाथ त्याला विचारतो, तू का सहन केलंस, तेव्हा तो जे बोलतो त्याचा अर्थ असा की मला या लोकांनी नाही, मनूने मारलं. म्हणजे बागूल बोट दाखवतात मारणाऱ्या हाताच्या मागे, आणि आपण बसलो नायक सहनशील की भित्रा ते मोजत.

हे फक्त मराठीतच होतं असं नाही. प्रेमचंदांची ‘कफन’ आमच्या नागपुरात हिंदीवाल्या पोरांनी वाचलेली असते. घिसू-माधव कसे? आळशी, दारुडे, सुनेच्या कफनाचे पैसे पिणारे. दलित समीक्षकांनी या कथेवर आक्षेप घेतले आहेत आणि ते ऐकण्यासारखे आहेत. पण प्रेमचंदांनी कथेतच म्हणून ठेवलंय की जिथे रात्रंदिवस राबणाऱ्यांची हालत यांच्यापेक्षा फार बरी नव्हती, तिथे अशी वृत्ती तयार झाली तर नवल काय. दोन रुपये फेकून देणाऱ्या जमीनदाराची स्वभाववैशिष्ट्ये लिहिलेली वही मी आजवर पाहिलेली नाही.

चहा झाला, बाकीची पोरं निघाली. तो उत्तरवाला थांबला. म्हणाला, सर, भित्रा मी नोट्समधून लिहिलं हे अर्धं खरं आहे. गेल्या महिन्यात तो खोली पाहत फिरत होता. एका घरी मालकाने नाव विचारलं. याने स्वतःचं आणि वडिलांचं नाव सांगितलं. मालक म्हणाले, ते झालं, पुढचं? हा म्हणाला, मी आडनाव लावत नाही काका. मालक हसले, म्हणे अरे वा, चांगलं आहे. दुसऱ्या दिवशी फोन केला तर खोली गेलेली होती. बोर्ड आठ दिवस तसाच लटकत होता. ‘मी तेव्हा आडनाव सांगायला पाहिजे होतं ना सर? काशिनाथसारखं?’

मला उत्तर सुचलं नाही. कारण पोरगा माझ्यासमोर स्वतःचं पात्रचित्रण करत होता आणि मालकाला त्याने एका ओळीत सोडून दिलं होतं.

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहीलच की सर, जमाना बदलला, १९६३ च्या गोष्टी कशाला उकरता. सुखदेव थोरात (आपल्या अमरावतीकडचे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात घर भाड्याने मागून पाहण्याचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये छापून आला. फोनवर आणि प्रत्यक्ष जाऊन, वेगवेगळ्या नावांनी. दलित आणि मुस्लीम नावांना नकार जास्त आले. दिल्लीचं काय घेऊन बसता म्हणाल, तर ही पोस्ट मी सदरमध्ये बसून लिहितो आहे. रेसिडेन्सीच्या आजूबाजूला वाढलेली जुनी वस्ती, चर्च, मशीद, मंगळवारी बाजार, सगळ्या जातीधर्माची माणसं. दीक्षाभूमी इथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. आणि हीच पोरं उद्या पास झाली तर कुठल्यातरी जिल्ह्यात कलेक्टर होतील. बागुलांवर पंधरा-वीस मार्कांचं उत्तर लिहून होतील. तिथे यांच्यासमोर कोणीतरी अर्ज घेऊन उभा राहील, तेव्हा हे अर्जदाराचा स्वभाव पाहतील की त्याला तिथवर यायला लावणाऱ्याचा, याची मला काळजी आहे.

एक गोष्ट लिहायची राहिली. म्हणजे टाळत होतो. आमच्याही घराला वर एक खोली आहे. दोन वर्षांपूर्वी एका मुलाचा फोन आला होता. मी विचारलं, पूर्ण नाव? त्याने सांगितलं. मी म्हटलं, बरं, आणि जेवणाचं काय, नॉनव्हेज वगैरे? आमच्या घरी अंडी चालतात, मटण चालतं, दर रविवारी माझंच ताट असतं. मग हा प्रश्न माझ्या तोंडात कुठून आला? तो म्हणाला, कळवतो काका. त्याने कळवलं नाही. मी पण परत फोन केला नाही. खोली नंतर एका नात्यातल्या मुलाला दिली.

परवाच्या रविवारी त्या पोराने उत्तर पुन्हा लिहून आणलं. नायकावर सात ओळी, काशिनाथवर सात, आणि रामचरणवर जवळजवळ एक पान. एका ठिकाणी लिहिलंय की रामचरण वाईट माणूस असता तर कथा सोपी झाली असती. मी त्या ओळीखाली रेघ मारली. शब्दमर्यादा ओलांडली होती, पण तसं काही सांगितलं नाही.

नात्यातला मुलगा पुण्याला गेला, वरची खोली आता रिकामी आहे. फाटकावर बोर्ड लावला आहे. बायकोशी बसून ठरवलं : भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ आणि लाईट बिल एवढं फोनवर बोलायचं. आडनाव करारासाठी आणि पोलीस व्हेरिफिकेशनसाठी लागतंच, पण ते खोली दिली असं सांगून झाल्यावर. आतापर्यंत दोन फोन आले आहेत.