प्रत्येक मोठा पतंग अ‍ॅटलास नसतो

पावसाळ्यात काशिमिरा, घोडबंदर, चेणे भागातल्या इमारतींच्या जिन्यात, दिव्याजवळ एखादा भलामोठा पतंग येऊन बसतो. शेजारीच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल असल्याने यात नवल नाही. मात्र फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पडताच त्याला ‘दुर्मीळ अ‍ॅटलास’ असे नाव चिकटते. नुसत्या आकारावरून नाव देण्याची ही घाई थांबायला हवी.

पतंग ओळखायचा तो पंखांवरून. फिकट पोपटी रंग आणि मागच्या पंखांना लांब शेपट्या असतील, तर तो चंद्रपतंग. चारही पंखांवर डोळ्यासारखी गोल पारदर्शक खूण असेल, तर टसर रेशमाचा पतंग. गडचिरोली-भंडाऱ्यात त्याच्याच कोशांपासून धागा काढतात. गडद तपकिरी रंग आणि पुढच्या दोन्ही पंखांवर घुबडासारखा एकेक डोळा असेल, तर एरेबस. विटकरी पंखांवर त्रिकोणी पारदर्शक खिडक्या आणि पुढच्या पंखाचे टोक सापाच्या तोंडासारखे असेल, तरच अ‍ॅटलास.

तिथेही दोन जवळच्या जाती आहेत. अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास हिमालयात व ईशान्य भारतात आढळतो. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला तो अ‍ॅटॅकस टाप्रोबॅनिस. टाप्रोबेन हे श्रीलंकेचे जुने नाव. दोघे दिसायला इतके सारखे की फोटोइतकेच ठिकाणही महत्त्वाचे ठरते. सह्याद्रीतले हे पतंग अनेक अभ्यासक दुसऱ्या जातीत धरतात. शिवाय नर-मादीतला फरकही फसवतो : मादी मोठी, तर नराच्या मिशा पिसासारख्या रुंद.

हा नावाचा निव्वळ हट्ट नाही. शहर जंगलाला भिडत असताना कोणती जात कुठे टिकून आहे, हे अशा नोंदींवरूनच कळते. चार वेगळ्या पतंगांना एकच नाव दिले, तर त्यातला एखादा नाहीसा झाला तरी कोणाला पत्ता लागणार नाही.

म्हणून पंख पूर्ण दिसतील असा फोटो, तारीख आणि ठिकाण एवढे नोंदवावे. खात्री नसेल तर नाव देऊ नये. पतंगाला बरणीत मात्र कोंडू नये. तो चावत नाही, डंखही मारत नाही. प्रौढ अ‍ॅटलासला तर खाण्याजोगे तोंडच नसते. कोशातून बाहेर पडल्यावर जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचे आयुष्य, तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. फोटो झाला की जिन्यातला दिवा मालवावा. अंधारात तो आपली वाट धरतो.