माहलरचे हृदय

गुस्ताव माहलरच्या नवव्या सिम्फनीच्या आरंभी चेलो आणि हॉर्न अडखळत स्वर टाकतात. हे त्याच्या दुखऱ्या हृदयाचे ठोके, असे लिओनार्ड बर्नस्टाइनने म्हटले आणि ते सर्वतोमुखी झाले. मला ते पटत नाही. १९०७ मध्ये डॉक्टरांना त्याच्या हृदयाची झडप सदोष आढळली, हे खरे. पण १९०९ मध्ये ही सिम्फनी लिहिणाऱ्या माणसाने त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाची धुराही उचलली! आजाराने हिरावले ते त्याचे चालणे. डोंगर तुडवताना ज्याला संगीत सुचे, तो आता पावले मोजण्याचे यंत्र घेऊन फिरू लागला. मला त्या लयीत ऐकू येतात ती बिचकत टाकलेली पावलेच. पुढे तीच लय ट्रॉम्बोन गर्जून वाजवतात, तेव्हा तर कुणी वाट अडवून उभे राहिल्यासारखे वाटते.