जाड भिंतीचे औषध

आरोग्याच्या सदरात विटा-सिमेंटचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण नोकरदार माणूस रोजचे आठ तास ज्या खोलीत काढतो, त्या खोलीचाही त्याच्या प्रकृतीवर परिणाम होतो. तेव्हा तिचाही विचार व्हायला हवा.

आधी माझी स्वतःची चूक सांगतो. बारा वर्षांपूर्वी मी वाड्यातला दवाखाना बाजारपेठेतल्या नव्या इमारतीत हलवला. वाड्याच्या भिंती दोन हात जाड, वर माळवद. मे महिन्यातल्या दुपारीही रोगी ओसरीवर निवांत बसत. नव्या जागेच्या भिंती साडेचार इंची, वर तापणारा स्लॅब आणि पश्चिमेला मोठी काच! पहिल्याच उन्हाळ्यात तिथे बसवेना. मग एसी घेतला आणि गारवा जाऊ नये म्हणून खिडक्या बंद केल्या. नेहमीचा भिंतीवरचा एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. डॉक्टर असून मी तिकडे दुर्लक्ष केले. वीस-पंचवीस रोगी त्या बंद खोलीत खोकत बसत. तीन वर्षांनी माझ्या कंपाउंडरला फुप्फुसाचा क्षयरोग झाला. सहा महिन्यांच्या औषधांनी तो बरा झाला. लागण माझ्याच दवाखान्यात झाली, हे सिद्ध करता येणार नाही; पण मनाची रुखरुख जात नाही.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यात ऑस्ट्रियातील लुस्टेनाऊ या गावच्या एका कचेरीची माहिती मिळाली. वास्तुविशारद डिटमार एबर्ले यांच्या संस्थेची ही सहा मजली इमारत २०१३ साली उभी राहिली. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, तरी इमारतीत शेगडी नाही, हीटर नाही आणि एसीही नाही. तरीही आतले तापमान वर्षभर २२ ते २६ अंशांच्या दरम्यान राहावे अशी तिची रचना आहे. म्हणूनच तिचे नाव ‘२२२६’ असे ठेवले आहे.

यात जादू काही नाही. भिंती पोकळ भाजक्या विटांच्या, ३८ सेंटिमीटरचे दोन थर मिळून ७६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे अडीच फूट जाड आहेत. जाड बुडाचे पातेले उशिरा तापते आणि उशिरा निवते, तशीच ही भिंत. खिडक्या भिंतीत खोल बसवल्यामुळे काचेवर सावली राहते. स्वस्थ बसलेला माणूसही सुमारे शंभर वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता देतो. माणसे, दिवे आणि संगणक यांच्या उष्णतेवरच तिथला हिवाळा निभावतो. श्वासावाटे बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड खोलीत वाढला की खिडकीशेजारची झडप आपोआप उघडते. उन्हाळ्यात रात्री याच झडपा उघडून भिंती निववल्या जातात.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, तो थंड मुलुख आहे, आपल्याकडे ते कसे जमणार? शंका रास्त आहे. आपल्याकडे मे महिन्यात रात्रही तापलेली असते, आणि एकदा तापलेली जाड भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. म्हणून नुसती जाडी वाढवून भागणार नाही. आपल्याकडे सर्वांत जास्त ऊन छपरावर पडते. तेव्हा गच्चीला पांढरा चुना, भिंतींवर छज्जा किंवा झाडाची सावली, पश्चिमेला कमीत कमी काच आणि पहाटेचा गारवा आत घेणारी समोरासमोर झरोके-खिडक्यांची सोय, एवढे तरी हवेच. कचेरी रात्री रिकामी असते, हा आपला फायदाच आहे. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवणाऱ्या भिंती बांधल्या. त्यात विटा सुमारे पाव हिश्श्याने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णता अडवते. खर्चाचे निमित्त सांगणाऱ्यांनी हे जरूर पाहावे.

एसी वाईट, असे माझे म्हणणे नाही. उष्माघाताच्या दिवसांत वृद्धांना व हृदयरोग्यांना तो जीवदान देऊ शकतो. पण चुकीच्या इमारतीवर तो कायमचा इलाज नव्हे. वीज गेली की अशी बंद खोली भट्टी होते, आणि वीज असली तरी हवा शिळीच राहते. डोके जड होणे, दुपारची सुस्ती, एकाची सर्दी साऱ्यांना होणे, या तक्रारी घेऊन येणाऱ्यांना मी आता औषधाआधी विचारतो, ‘तुमच्या कचेरीची खिडकी उघडते का?’

ग्रामपंचायत, पतपेढी, शाळा किंवा दवाखाना, काहीही नवे बांधायचे असेल तर नकाशावर सही करण्यापूर्वी इंजिनिअरला तीन प्रश्न विचारा: वीज नसताना आत बसता येईल का? पश्चिमेचे ऊन कशाने अडेल? शिळी हवा बाहेर कुठून जाईल?

माझी जागा भाड्याची, भिंती जाड करता येत नाहीत. पण गच्चीला चुना लावला, काचेवर बाहेरून तट्टे बांधले आणि रोग्यांची बाके व्हरांड्यात आणली. कंपाउंडर आता पहाटे सहालाच येऊन साऱ्या खिडक्या उघडतो. हे काम मला त्याला कधी सांगावे लागत नाही.