शॉर्टकट दाबण्याआधी विंडो बघा!

कॉम्प्युटरवर काम करताना ‘अरे, हे काय झालं?’ असं तुम्ही कधी ओरडला आहात का? मी ओरडलेय. खरं तर त्या दिवशी ओरडायचा हक्क माझ्या आईचा होता!

झालं असं, की आजी बडोद्याहून फोनवर फराळाच्या कृती सांगत होती आणि आई त्या आमच्या जुन्या लॅपटॉपवर टाईप करत होती. तासाभराने आई चहा ठेवायला उठली आणि मी खुर्चीत बसले. स्क्रीनच्या कोपऱ्यात चकलीचा एक व्हिडिओ उघडा होता. तो बंद करायला मी सवयीने आल्ट + एफ४ दाबलं. ‘सेव्ह करायचं का?’ असा प्रश्न आला. व्हिडिओत काय सेव्ह करायचं, म्हणून मी ‘नाही’ म्हटलं. व्हिडिओ जिथल्या तिथे राहिला आणि आईचं लिखाण गेलं. आईने ते एकदाही सेव्ह केलं नव्हतं.

चूक शॉर्टकटची नव्हती, माझी होती. फोनवर बहुतेक वेळा एकच अ‍ॅप समोर असतं आणि आपण बोट ठेवू तिथेच काम होतं. कॉम्प्युटरवर मात्र विंडो चार आणि कीबोर्ड एक! आपण बघतो एकीकडे, पण कीबोर्ड ऐकतो तो फक्त चालू असलेल्या विंडोचं. म्हणून शॉर्टकट पाठ करण्याआधी ही एक सवय लावून घ्या: आधी कोणती विंडो चालू आहे ते बघा. टाईप करत असाल तर कर्सर कुठे लुकलुकतोय ते पाहा. शंका आली तर हव्या त्या विंडोच्या वरच्या पट्टीवर एकदा क्लिक करा आणि मगच बटणं दाबा.

विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर हे शॉर्टकट रोज उपयोगी पडतील:

● आल्ट + टॅब: आल्ट दाबून ठेवा आणि टॅब एकेकदा दाबा. हवी ती विंडो आली की दोन्ही सोडा.

● विंडोज की + डावा किंवा उजवा बाण: विंडो अर्ध्या स्क्रीनवर बसते. दोन विंडो शेजारी शेजारी ठेवल्या की गोंधळ कमी होतो.

● कंट्रोल + डब्ल्यू आणि आल्ट + एफ४: ब्राउझरमध्ये पहिल्याने एक टॅब बंद होतो, दुसऱ्याने सगळ्या टॅबसकट पूर्ण विंडो.

● कंट्रोल + शिफ्ट + टी: ब्राउझरमध्ये चुकून बंद झालेला टॅब परत उघडतो. पण अर्धवट भरलेला फॉर्म तसाच परत मिळेल याची खात्री नाही.

● विंडोज की + एल: स्क्रीन लॉक होते. घरात लहान मुलं असतील तर उठण्याआधी हे दाबाच.

मराठी आणि इंग्रजी दोन्हीत टाईप करता? मग विंडोज की + स्पेस लक्षात ठेवा, त्याने कीबोर्डची भाषा बदलते. इंग्रजी लिहिताना अचानक मराठी अक्षरं उमटू लागली तर घाबरू नका, हात चुकून आल्ट + शिफ्टवर पडला असेल. मॅक वापरत असाल, तर सेव्ह, कॉपी, पेस्टसाठी कंट्रोलऐवजी कमांड की दाबायची.

चुकून बटण दाबलं जाण्याची भीती कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनाही होती बरं का! १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीसाठी इंजिनिअर डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल + आल्ट + डिलीट हा शॉर्टकट तयार केला. त्याने कॉम्प्युटर थेट पुन्हा सुरू व्हायचा. म्हणून त्यांनी मुद्दाम अशी बटणं निवडली, की ती एका हाताने सहज दाबली जाऊ नयेत.

आमच्या घरी पुढे काय झालं? दुसऱ्या दिवशी आजीने सगळ्या कृती पुन्हा सांगितल्या. पण आदल्या दिवशी बोलता बोलता तिच्या आईच्या स्वयंपाकघराच्या आठवणी निघाल्या होत्या आणि आईने त्याही लिहून घेतल्या होत्या. त्या काही तशा पुन्हा आल्या नाहीत.

तेव्हापासून आई दर दोन ओळींनंतर कंट्रोल + एस दाबते. तुम्हीही आजपासून सुरुवात करा. आणि दुसऱ्याच्या खुर्चीत बसलात, तर आधी त्याचं काम सेव्ह करा, मग आपलं सुरू करा!