‘टाइमपास’वरील आक्षेप एकांगी

सतीश राजवाडे यांचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ (२०१०) हा रवी जाधव यांच्या ‘टाइमपास’पेक्षा (२०१४) प्रगल्भ असल्याचा निर्वाळा गेल्या अंकातील पत्रात दिला आहे, परंतु दोहोंना एकच मोजपट्टी लावल्याने ही तुलना एकांगी झाली आहे. ‘मुंबई-पुणे-मुंबई’ ही प्रणयप्रधान सुखात्मिका, म्हणजे अडथळे पार करून मीलनाकडे जाणारी हलकीफुलकी कथा, एका दिवसात आणि जवळजवळ दोनच पात्रांत उलगडते. त्या दोघांना मनमोकळा वाद घालता येतो, कारण वर्ग, शिक्षण वा घरची संमती यांपैकी काहीही त्यांच्या आड येत नाही. याउलट ‘टाइमपास’मध्ये नव्वदच्या दशकातील मुंबईत दारोदार वर्तमानपत्रे टाकणारा, दहावी नापास दगडू ज्या प्राजक्तावर जीव जडवतो, तिच्या वडिलांच्या लेखी तो कोणीच नसतो, आणि त्याच्या आचरट बोलण्यामागे ही दरी झाकण्याची केविलवाणी धडपड असते. या धडपडीला उथळपणा ठरवणे सर्वथा अन्यायाचे आहे. शिवाय ताटातुटीवर थांबून ‘टाइमपास’ सुखात्मिकेचा मूळ संकेतच मोडतो, ज्याची दखलही त्या पत्रात घेतलेली नाही.

— एक वाचक