रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे, तरी पाय दुखतोय? पेनकिलर घेण्याआधी हे वाचा

‘रक्त पातळ करणारी गोळी’ हे नावच गोंधळात टाकणारे आहे. वॉरफरिन किंवा अॅपिक्साबॅनमुळे रक्त पाण्यासारखे होत नाही आणि पायाच्या शिरेतली गुठळीही विरघळत नाही. या गोळ्या गुठळी वाढू देत नाहीत, नवी होण्याचा धोका कमी करतात. जुनी गुठळी शरीरच हळूहळू विरघळवते. त्याला आठवडे, कधी महिने लागतात.

मग पाय का दुखतो?

- गुठळीने शिरेच्या झडपांना इजा झाली असेल, तर उभे राहिल्यावर पाय जड होतो, सुजतो.
- डोस चुकला किंवा वॉरफरिन घेताना आयएनआर खाली गेला (बहुतेकांसाठी तो 2 ते 3 हवा), तर नवी गुठळी होऊ शकते.
- औषधाचा परिणाम जास्त झाला, तर स्नायूत रक्तस्राव होऊ शकतो.

यातला फरक घरी बसून कळत नाही. आपल्याकडे मात्र उपाय ठरलेले: पोटरीला मालिश आणि मेडिकलमधून डायक्लोफिनॅक. मालिशने गुठळी सुटू शकते, तर या पेनकिलरने रक्तस्रावाचा धोका वाढतो. डायक्लोफिनॅकची गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, तरी सर्रास मिळते. निदान ‘रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे का?’ हा प्रश्न काउंटरवर सक्तीचा हवा.

एकाच पायाला नव्याने सूज, वेदना आली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागला, छातीत दुखले तर थेट 108. आणि गोळी स्वतःहून बंद करू नका.